रोस्ट डिनरच्या ताटात काय काय असतं, आणि का?



इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत एक जेवण सारखं भेटत राहतं. रविवार असतो. घरातली सगळी माणसं टेबलाभोवती बसलेली असतात, मधोमध भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा असतो आणि कुणीतरी कुणाला तरी ग्रेव्ही पुढे सरकवायला सांगत असतं. चित्रात बटाटे असतात, हिरवे वाटाणे असतात, आणि वाटीसारखा फुगलेला, मध्ये खड्डा पडलेला एक तपकिरी पदार्थ असतो. मुलांचं बोट नेमकं त्याच्यावरच पडतं. "हे काय आहे?" 'ते त्यांचं जेवण आहे' एवढ्या उत्तराने मुलांचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको.

या जेवणाला ब्रिटनमध्ये 'संडे रोस्ट' किंवा 'रोस्ट डिनर' म्हणतात. कोणत्या मांसाबरोबर काय वाढायचं याचे तिथले संकेत बऱ्यापैकी पक्के आहेत. बीफ असेल तर यॉर्कशायर पुडिंग आणि हॉर्सरॅडिशचा सॉस, नाहीतर मोहरी. लॅम्ब म्हणजे कोकराचं मांस असेल तर पुदिन्याचा सॉस. पोर्क म्हणजे डुकराचं मांस असेल तर सफरचंदाचा सॉस, शिवाय कांदा आणि सेज या पाल्याचं सारण. कोंबडी असेल तर सारण आणि ब्रेड सॉस. भाजलेले बटाटे, दोन-तीन भाज्या आणि ग्रेव्ही मात्र सगळ्यांबरोबर. झाली यादी. फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि आठवड्याभरात मुलं ती विसरतात.

म्हणून यादीच्या आधी कारण सांगावं. हे ताट जमून आलं ते आपल्या ओळखीच्याच एका अडचणीतून: मांस महाग आणि खाणारी तोंडं जास्त. मांसाचा तुकडा मधोमध मानाने बसलेला दिसतो, पण तो सगळ्यांना पुरवठ्याला आणायचं काम भोवतीचे पदार्थ करतात. हे एकदा कळलं की कोणता पदार्थ कुठून आला आणि तिथे का टिकला, हे मुलं स्वतःच सांगू लागतात.

आधी शब्दांचा गुंता

या पाठात चार शब्द फसवतात, कारण ते आपल्याकडेही आहेत पण अर्थ वेगळा.

डिनर म्हणजे रात्रीचं जेवण, असं आपण शिकवतो. पण जुन्या इंग्रजीत, आणि ब्रिटनच्या पुष्कळ भागांत आजही, डिनर म्हणजे दिवसातलं मुख्य जेवण. रविवारचं रोस्ट डिनर दुपारी होतं, पूर्वी चर्चमधून आल्यावर. त्यामुळे गोष्टीत डिनरनंतर मुलं उन्हात खेळायला गेली तर ती छपाईची चूक नव्हे.

ग्रेव्ही म्हटलं की आपल्याला हॉटेलातली कांदा-टोमॅटोची दाट लाल ग्रेव्ही आठवते. तिकडची ग्रेव्ही तपकिरी असते. मांस भाजल्यावर ट्रेच्या तळाशी जो रस आणि खरपूस थर राहतो, त्यात थोडा मैदा परतून, भाज्या उकडलेलं पाणी किंवा मांसाचं पाणी घालून ती करतात. मिरची नाही, हळद नाही.

पुडिंग म्हणजे गोड, ही तिसरी समजूत. यॉर्कशायर पुडिंगमध्ये साखरेचा कण नसतो.

आणि रोस्ट. आपल्याकडे ढाब्यावर 'चिकन रोस्ट' म्हणून कढईत परतलेला सुका मसालेदार प्रकार मिळतो. मुळातलं इंग्रजी रोस्ट म्हणजे उघड्या आगीसमोर सळईवर फिरवत भाजलेलं मांस. ओव्हन घरोघरी आले ते पुढे; जुन्या अर्थाने पाहिलं तर ओव्हनमधलं मांस हे 'बेक' केलेलंच, पण नाव रोस्टच राहिलं. सळई फिरवत राहणं हे कंटाळवाणं आणि तापदायक काम. त्यासाठी इंग्लंडमध्ये 'टर्नस्पिट' नावाची बुटकी कुत्री पाळत. भिंतीवर एक चाक बसवलेलं असे, कुत्रा त्यात चालत राही आणि सळई फिरत राही. १५७६ साली छापलेल्या इंग्रजी कुत्र्यांवरच्या एका पुस्तकात यांचा उल्लेख आहे. यंत्रं आल्यावर ही जात नाहीशी झाली. वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात पेंढा भरलेली एक टर्नस्पिट आहे, तिचं नाव व्हिस्की. वर्गात हे सांगितलं की पुढची दहा मिनिटं कुत्र्यावरच जातात, तेव्हा तासाचा हिशेब आधी करून ठेवा.

गळणाऱ्या चरबीखालचं भांडं

सळईवर मांस फिरतंय आणि त्यातून चरबी गळतेय. ती वाया कशी जाऊ द्यायची? म्हणून खाली भांडं ठेवायचं, आणि भांड्यात मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ. वरून चरबी ठिबकते, समोरून आगीची धग लागते आणि पीठ भाजून निघतं. १७३७ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात याची कृती 'ड्रिपिंग पुडिंग' म्हणून आहे, म्हणजे गळतीवरचं पुडिंग. दहा वर्षांनी, १७४७ मध्ये, हॅना ग्लास या बाईंच्या गाजलेल्या पाकपुस्तकात ते 'यॉर्कशायर पुडिंग' या नावाने आलं. यॉर्कशायर हा उत्तर इंग्लंडचा परगणा.

ते वाढायची जुनी पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आज ते मांसाबरोबर एकाच ताटात येतं. पूर्वी ते आधी यायचं, एकटं, वर ग्रेव्ही ओतून. मोठ्या चौकोनी भांड्यातल्या पुडिंगचे तुकडे करून पोरांना आधी खाऊ घालायचे. जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस मिळेल, असं लालूचही दाखवायचे. पोट पिठाने भरलं की मांसाची पाळी येईपर्यंत भूक निम्मी झालेली! आयांचा हा डाव मुलांना चटकन कळतो; सांगून बघा, वर्ग हसतो.

त्याच काळात इंग्लंडमध्ये भाजलेलं बीफ म्हणजे राष्ट्राचा अभिमान होता. हेन्री फील्डिंगने १७३१ मध्ये त्यावर नाटकातलं गाणं लिहिलं, विल्यम होगार्थने १७४८ मध्ये चित्र काढलं, आणि फ्रेंच लोक इंग्रजांना चेष्टेने 'रोस्बिफ' म्हणतात ते आजपर्यंत. गाण्या-चित्रांत मान बीफला मिळाला. गरिबाच्या घरी पोट भरण्याचं काम मात्र पुडिंग करत होतं.

विज्ञानाचा तास जवळच असेल तर हे पुडिंग फुगतं कसं तेही घ्या. त्यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही. साच्यात चरबी धूर येईपर्यंत तापवतात, त्यात गार पीठ ओततात आणि लगेच कडक तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवतात. पिठातल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते, ती वर ढकलते, आणि अंड्यामुळे कडा तशाच उभ्या राहून कडक होतात. मधेच दार उघडलं तर बसतं. आपली पुरी आणि भाकरी वाफेनेच फुगते, एवढं म्हटलं की पुरे. पुरीचं तेल गार असेल तर काय होतं, हे तर प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ मध्ये गमतीगमतीत जाहीर केलं होतं की ४ इंचांपेक्षा कमी फुगलेल्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये. मोजपट्टी घेऊन ४ इंच दाखवा, मुलं चकित होतात.

क्रॅचिटांच्या घरचा हंस

या ताटाचं गणित सगळ्यात नीट दिसतं ते चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये. हे पुस्तक १८४३ चं. बॉब क्रॅचिट हा लंडनमधला कारकून, आठवड्याला १५ शिलिंग पगार. घरात नवरा-बायको आणि सहा मुलं, एकूण आठ माणसं. नाताळच्या दिवशी एक हंस आणलेला आहे. घरी भाजायला मोठी भट्टी नाही, म्हणून तो बेकरीत दिलेला आहे. त्या काळी लंडनमधले गरीब लोक सणावाराला आपलं भांडं बेकरीच्या भट्टीत भाजायला देत. आपल्याकडे दिवाळीत रवा-मैदा-तूप घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणतात, अगदी तसं.

आता त्या घरात कोण काय करतं ते बघा. पीटर आणि धाकटी दोघं बेकरीतून हंस घेऊन येतात. मग आई ग्रेव्ही गरम करते. पीटर सगळा जोर लावून बटाटे कुस्करतो. बेलिंडा सफरचंदाच्या सॉसमध्ये साखर घालते. मार्था गरम ताटल्या पुसते. धाकटी दोघं खुर्च्या मांडतात. बॉब अपंग टिमला आपल्या शेजारी बसवून घेतो. हंस येतो, आई सुरी घालते, आतलं कांदा-सेजचं सारण बाहेर येतं आणि सगळं घर खूश होतं. डिकन्स तिथे स्पष्टच सांगतो की सफरचंदाचा सॉस आणि कुस्करलेले बटाटे यांच्या जोडीने तो हंस सगळ्या कुटुंबाला पुरला. शेवटी ताटात हाडाचा एक बारीकसा तुकडा उरतो, आणि आईला कोण आनंद होतो, बघा, सगळं संपलंसुद्धा नाही!

हंस लहान आहे असं त्या घरातलं कुणी बोलून दाखवत नाही. एवढ्या मोठ्या कुटुंबाला हा पुरायचा नाही, असा विचारही कुणी मनात आणत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना हा प्रसंग सांगताना मी इथे थोडी थांबते. काही मुलांना ते बरोबर समजतं. कोणाला समजलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं, पण त्यांना उभं करून विचारू नये.

पालकांना एक सांगते. हे पुस्तक मराठीत सांगूनही चालतं, घरी रात्री थोडं थोडं. मुलाला इंग्रजी यायला हवं मग डिकन्स, असं काही नाही.

बटाटा, ग्रेव्ही आणि खरपूसपणा

भाजलेल्या बटाट्याशिवाय रोस्ट डिनर होत नाही, इतकं त्याचं स्थान पक्कं. पण बटाटा ना इंग्लंडचा, ना आपला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. 'बटाटा' हा शब्दच मुळी पोर्तुगीज. म्हणजे ब्रिटिशांच्या 'पारंपरिक' ताटातला आणि आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा दोन्ही एकाच गावचे पाहुणे.

तिकडची पद्धत अशी: बटाटे सोलून, मोठे तुकडे करून अर्धवट उकडायचे, पाणी काढून टाकायचं, झाकण लावून भांडं जरा खुळखुळवायचं म्हणजे कडा खरबरीत होतात. मग तापलेल्या चरबीत किंवा तेलात घोळवून ओव्हनमध्ये. खरबरीत कडांना जास्त तेल लागतं आणि तिथे कुरकुरीत कवच येतं. आतून मात्र पिठूळ. बटाट्याची जात पिठूळ हवी, म्हणून तिकडे 'मॅरिस पायपर' किंवा 'किंग एडवर्ड' मागून घेतात, जसं आपण भाकरीसाठी मालदांडी ज्वारी मागतो.

ग्रेव्हीचं काम दोन प्रकारचं. एक, भाजलेलं मांस कापलं की कोरडं लागतं, त्याला ओलावा. दुसरं, मांसाचा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला दोनच चकत्या आला, तरी त्याची चव ग्रेव्हीतून बटाट्यावर, पुडिंगवर, कोबीवर, सगळीकडे पोचते. कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावायची गरज नाही. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यातून तांबडा होतो, पांढरा होतो, आणि चार फोडी वाट्याला आलेला माणूसही मटण खाऊन तृप्त उठतो.

कुणाबरोबर कोणता सॉस: डाव्या बाजूचा धडा

आपल्या पानात डावी बाजू असते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. ती पोट भरायला नसते, उजव्या बाजूच्या पदार्थांना उठाव आणायला असते. रोस्ट डिनरचे सॉस म्हणजे त्या ताटाची डावी बाजू. मला हा भाग शिकवायला सगळ्यात आवडतो, कारण इथे मुलांना आधीच पुष्कळ येत असतं.

पोर्क चरबीचं, जड. त्याला आंबट सफरचंदाचा सॉस हवा. ही सफरचंदं आपण कापून खातो ती गोड नव्हेत. स्वयंपाकाची 'ब्रॅमली' नावाची वेगळी आंबट जात आहे, ती शिजली की विरघळते. ऋतूही जुळतो: सफरचंदं शरद ऋतूत येतात, आणि पूर्वी डुकरं कापायचा हंगामही तोच.

लॅम्बला स्वतःचा उग्र वास असतो. त्यावर पुदिना, साखर आणि व्हिनेगर. पुदिना बारीक चिरून व्हिनेगरमध्ये भिजवतात, वाटत नाहीत. आपली पुदिन्याची चटणी आणि हा सॉस चुलत भावंडं म्हणता येतील, पण तिकडच्या सॉसमध्ये मिरची नाही की आलं नाही, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला तो फार आंबट लागतो.

बीफबरोबर हॉर्सरॅडिश. हे मोहरीच्या आणि मुळ्याच्याच कुळातलं एक पांढरं मूळ. अख्खं असताना त्याला फारसा वास नसतो. किसलं की डोळ्यांत पाणी. इंग्लिश मोहरीही तशीच, जेरेमाया कोलमन यांनी १८१४ पासून नॉर्विचजवळ सुरू केलेली पिवळ्या डब्यातली पूड आजही तिकडे घरोघरी असते. झणझणीतपणा जिभेपेक्षा नाकात जातो. हे आपल्याला नवीन नाही. मोहरी फेसून कोशिंबिरीत किंवा लोणच्यात घालतात तेव्हा नाकात तीच झिणझिणी येते. आणि कारणही एकच. मोहरीच्या दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून पाणी लागलं की ते एकत्र येतात आणि तिखट द्रव्य तयार होतं. म्हणून कोरडी मोहरीची पूड हुंगली तर काही नाही, आणि पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटांनी हुंगली तर मूल मागे सरकतं. पाणी उकळतं घातलं तर मात्र तिखटपणा तयारच होत नाही. हा प्रयोग वर्गात करता येतो, खर्च दोन रुपये. डोळ्यांना हात लावू देऊ नका, एवढी काळजी घ्या.

कोंबडीचा ब्रेड सॉस हा प्रकार मला स्वतःला फारसा मोहात पाडत नाही. लवंगा टोचलेला कांदा दुधात उकळून ते दूध पावाच्या चुऱ्याने दाट करतात. पण त्याचा इतिहास जुना आहे. मध्ययुगात सॉस पावाच्या चुऱ्यानेच दाट करत. मैदा परतून दाट करायची रीत पुढे आली आणि बाकीचे जुने सॉस गेले, हा राहिला.

सारणाचंही तेच: पावाचा चुरा, कांदा, सेज. शिळा पाव संपतो आणि कोंबडी मोठी होते.

भाज्या हवेप्रमाणे

इथे फार थांबायला नको. ब्रिटनच्या हिवाळ्यात जे टिकतं आणि उगवतं ते ताटात येतं: गाजर, कोबी, लीक, आणि गाजरासारखं दिसणारं फिकट पांढरं पार्सनिप. पार्सनिप थंडी पडल्यावर गोड होतं, कारण गारठ्यात त्यातल्या पिष्टाची साखर होते. नाताळला ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे लिंबाएवढे कोबीचे गड्डे. निम्मी मुलं ते खायला नाही म्हणतात, हे आपल्या कारल्यासारखंच. उन्हाळ्यात वाटाणे आणि फरसबी. चीजच्या सॉसमधला फ्लॉवर रोस्टबरोबर चालतो की नाही यावर तिथल्या घरांत वाद आहेत, आणि यॉर्कशायर पुडिंग कोंबडीबरोबर वाढावं का यावरही. जुनी माणसं म्हणतात, फक्त बीफबरोबर. पोरं म्हणतात, सगळ्यांबरोबर. पोरं जिंकत चालली आहेत. आपल्याकडे मालवणी कोंबडीबरोबर वडेच हवेत, चपाती वाढली तर पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत, पण घरी गेल्यावर बोलतील. तसं हे.

सोमवारचं काय?

रविवारी भाजलेला मोठा तुकडा रविवारी संपवायचा नसतो. सोमवार हा पूर्वी ब्रिटनमध्ये धुण्याचा वार असे. चुलीवर पाण्याचे हंडे, स्वयंपाकाला सवड नाही. म्हणून सोमवारी गार मांस आणि लोणचं. त्या लोणच्यांत पिकलिली नावाचं एक पिवळं लोणचं आहे, हळद आणि मोहरी घातलेलं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतींत त्याला 'इंडिया पिकल' म्हटलेलं आहे. उरलेला कोबी आणि बटाटा एकत्र परतला की 'बबल अँड स्क्वीक'. तव्यावर होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं असं सांगतात. उरलेलं लॅम्ब बारीक करून वर कुस्करलेला बटाटा घातला की शेपर्ड्स पाय. श्रीमती बीटन यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात तर गार बीफची करी करायची कृती आहे. रविवारचं उरलेलं मांस सोमवारी करी पावडरीत!

दुसऱ्या महायुद्धात हे गणित फारच कठीण झालं. मार्च १९४० मध्ये मांसावर रेशन आलं, आणि तेही वजनावर नाही तर किमतीवर. म्हणजे आठवड्याच्या तेवढ्या पैशांत हलका भाग घेतलात तर थोडा जास्त मिळेल, चांगला घेतलात तर चकतीभर. बटाट्यावर मात्र युद्धात रेशन नव्हतं. मांसावरचं रेशन उठलं ते ४ जुलै १९५४ ला, युद्ध संपून नऊ वर्षं झाल्यावर. त्या चौदा वर्षांत रविवारच्या ताटात मांस नावाला आणि बटाटे, कोबी, ग्रेव्ही जास्त, असंच चाललं. ताट मात्र मोडलं नाही.

शाकाहारी पालकांसाठी

आपली मुलं शिकायला, नोकरीला तिकडे जातात आणि मित्रांच्या घरी रविवारी बोलावणं येतं. तेव्हा 'मी फक्त बटाटे आणि भाज्या घेईन' म्हणणं पुरेसं नसतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. बाजूचे पदार्थ शाकाहारी दिसतात, पण बटाटे हंसाच्या किंवा बीफच्या चरबीत भाजलेले असू शकतात. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतंच, आणि चरबीही असू शकते. ग्रेव्ही मांसाच्या रसाची. सारणात पुष्कळदा सॉसेजचं मांस असतं. विचारायला लाजायचं नाही. तिकडे शाकाहाराची चळवळ जुनी आहे, व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ ची, आणि शाकाहाऱ्यांसाठी दाणे, पावाचा चुरा, कांदा घालून 'नट रोस्ट' करतात. आधी कळवलं तर यजमान वेगळ्या भांड्यात तेलात बटाटे भाजतात.

वर्गात घेताना

बीफ शब्द आला की शिक्षक अडखळतात. अडखळू नये. बीफ म्हणजे गाई-बैलांचं मांस, ब्रिटनमध्ये ते नेहमीचं खाणं आहे; आपल्याकडे अनेक घरांत गाय पूज्य आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच आवाजात सांगावीत आणि पुढे जावं. आवाज खाली गेला की मुलांना वाटतं इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट अवघड आहे. चित्र बघून कुणीतरी "शी!" म्हणतंच. हसण्यावारी नेऊ नका. कारण त्याच वर्गात एखादीच्या डब्यात सुकट असते, एखाद्याच्या घरी रविवारी वजरी असते, आणि ती मुलं तो "शी" आपल्यासाठी ऐकतात. दुसऱ्या दिवशीपासून तो डबा झाकण अर्धं ठेवून खाल्ला जातो. मी वर्गात एवढंच सांगते की 'मी हे खात नाही' हे वाक्य चालेल, 'शी' चालणार नाही. उलट शाकाहारी मुलाला "तू काय गवत खातोस" म्हणणंही चालणार नाही. इंग्लंडच्या ताटावर हा नियम घालून द्यायला सोपं जातं, कारण ते कुणाच्याच घरचं नसतं.

गणितासाठी एक उदाहरण देते, चौथी-पाचवीला जमतं. समजा दीड किलो मांसाचा तुकडा आणला. भाजून त्यातलं एक तृतीयांश वजन कमी झालं. किती उरलं? त्यातला पाव भाग सोमवारसाठी बाजूला ठेवला. आता घरात सहा माणसं. प्रत्येकाला किती ग्रॅम? उत्तर १२५ ग्रॅम येतं. मग दोन पाहुणे अचानक आले असं सांगा. १२५ चे ९३ आणि थोडे वर होतात. इथे मुलं आपणहून विचारतात, मग बटाटे किती लावायचे? तो प्रश्न आला की पाठ पोचला असं समजा.

आणि घरचा अभ्यास म्हणून आजीला, आजोबांना किंवा आईला विचारून यायचं: आपल्याकडे जेवायच्या वेळेला चार माणसं जास्त आली तर स्वयंपाकात काय वाढवतात? आमटीत पाणी, पिठल्याचं पातेलं, भाताचं आधण, की आणखी काही? उत्तर आजीच्याच शब्दांत, जसंच्या तसं, वहीत लिहून आणायचं.